मगावरची चार अक्षरं

मी जपानी शिकायला लागले तेव्हा घरी आई आणि मी, दोघीच होतो. आई दवाखान्यात नर्स. वेरूळला जपानी पर्यटक येतात, त्यांची गाइड व्हायचं माझ्या मनात होतं. आईने कधी नको म्हटलं नाही, पण तिचा विश्वासही बसला नव्हता. मोबाइलवरच्या क्लासमध्ये मी मोठ्याने वाचायला लागले की ती विचारायची, असं खरंच कुणी बोलतं का?

एका रविवारी कपबशा घ्यायला आम्ही शहागंजच्या बाजारात गेलो. आई दुकानदाराशी बोलत होती आणि मी मागच्या फळीवरचे मग बघत होते. त्यातला एक उचलला. दुधट रंगाचा, खाली थोडा खरबरीत, भोवती निळ्या लाटा. लाटांच्या मधे वळणदार रेघा होत्या. त्यांच्यावरून नजर पुढे गेली आणि तशीच मागे आली. मी त्या रेघा वाचल्या होत्या!

दुकानदाराला विचारलं, यावर काय लिहिलंय?

"कुछ नहीं मॅडम, डिझाइन है वो."

मी पुन्हा बघितलं. दुसरं अक्षर मुद्दाम बारीक काढलेलं होतं. ते दिसलं की पुढच्या अक्षराचा उच्चार दुहेरी करायचा, आणि मी क्लासमध्ये नेमकी तिथंच चुकायची. या वेळी चुकले नाही. पुस्तकाबाहेर, कुणी न शिकवता वाचलेला हा माझा पहिला शब्द होता.

"आई, हे डिझाइन नाही. युक्कुरी लिहिलंय."

"म्हणजे?"

"सावकाश. निवांत."

आईने तो मग हातात घेतला, फिरवून बघितला. आणि दुकानदाराला म्हणाली, "माझ्या मुलीला वाचता येतं हे." त्याने मान डोलावली, पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. शेजारी बरण्या बघणाऱ्या बाईंनाही तिने तेच सांगितलं. कपबशा राहिल्या बाजूला, आम्ही तो एकच मग घेऊन निघालो. रिक्षात तो तिच्या मांडीवर होता आणि ती सारखा कागद बाजूला करून त्या अक्षरांवर बोट फिरवत होती.

घरी आल्याआल्या मी चहा टाकला. एरवी आई ओट्याशी उभ्यानंच चहा संपवायची. त्या दिवशी खुर्ची ओढून बसली, चहाचा तो नवा मग दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "माझं नाव लिहून दाखव."

मग ज्यात गुंडाळून आणला होता त्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मी लिहिलं. तिच्या नावात ल आहे आणि जपानीत ल नाही, त्याच्या जागी र येतो, हे जरा भीतभीतच सांगितलं.

"र तर र," ती म्हणाली. "पेन दे इकडं."

पहिल्यांदा अक्षरं उताणी पडली, मग एकमेकांवर चढली. चहा गार झाला तरी तिचं लक्ष नव्हतं. शेवटी एकदाचं जमलं तेव्हा तिने जालन्याच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावला आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला. मावशीला काहीच कळेना. ही कसली नक्षी, म्हणून तिने विचारलं.

"नक्षी नाय," आई म्हणाली. "मी हाये ती."