राजश्रीचा उजवा हात

कोपरखैरण्यात आमच्या गल्लीत ब्लाउज शिवावा तर राजश्रीनेच. तिने बाही एकदा बसवली की उसवायचं काम नाही. मी तिच्या शेजारी राहते, म्हणून माझे फुकटात व्हायचे.

तिचा नवरा अश्विन तुर्भ्याच्या कारखान्यात होता. मार्चमध्ये एका सकाळी छातीत कळ आली आणि गेला. बायका जमल्या, तशी सासू वेणूबाईंनी दारातच ताकीद दिली, "आपल्यात रडत नसत्यात. सगळं अनित्य हाय." मराठवाड्यातून भावकी येणार होती. ती अजून जुन्या रीतीने छाती पिटते, तिला आपला धम्म दाखवायचा हा म्हातारीचा हट्ट. मला संताप आला होता. पण ज्याचं जळतं त्याला कळतं, मी गप्प बसले.

राजश्रीने सासूचा शब्द मोडला नाही. डोळे कोरडे ठेवून सगळ्यांना चहा दिला. जलदान विधीला भन्तेजी गाथा म्हणू लागले, तिने अश्विनच्या नावाने परातीत पाणी सोडायला तांब्या उचलला आणि तो हातातून सुटला. तेव्हापासून उजवा हात बधिर. कात्री धरवेना. टाचणी टोचली तरी ती नुसती रक्ताकडे बघायची. घर आता त्या हातावर चालायचं होतं, आणि गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली.

तपासण्यांत काहीच निघालं नाही. नसांच्या डॉक्टरांनी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. "माझी सून येडी न्हाई," वेणूबाई म्हणाल्या. मीच दोघींना रिक्षात कोंबलं.

वाशीच्या तेजश्री मॅडम वयाने लहान, पण समजावून सांगणाऱ्या. "हे सायकोसोमॅटिक आहे. सायकी म्हणजे ग्रीक भाषेत आत्मा. सायकियाट्री, सायकॉलॉजी, सायकोसिस, सगळे शब्द तिथूनच आले. आतलं दुःख बाहेर पडलं नाही, की कधी कधी ते शरीर उचलतं. ह्या नाटक करत नाहीत. हात खरंच बधिर आहे."

"आमी आत्मा मानत न्हाई," वेणूबाई म्हणाल्या.

"मग काय मानता?"

"मन."

"मनच म्हणू या." मॅडम राजश्रीकडे वळल्या. "मिस्टर गेल्यावर रडलात?"

"आत्या नको म्हणाल्या," राजश्री म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणते. आवाजात तक्रार नव्हती, काहीच नव्हतं.

घरी आल्यावर राजश्री सवयीने मशीनपाशी बसली, हात मांडीवर टाकून. मी चहा टाकला. वेणूबाई तिच्या पायाशी खाली बसल्या.

"रडू नका, आसं कुनीच सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "भन्तेजींनीबी न्हाई. मलाच भ्या वाटत हुतं. मी एकदा सुरू झाले आसते तर थांबले नसते. तुला गप केलं, म्हंजी मला गप ऱ्हाता यील."

आणि त्या रडू लागल्या, लेकराचं नाव घेऊन, अगदी भावकीतल्या बायकांसारख्या. डोकं सुनेच्या मांडीवर, त्या हातावरच. राजश्री समोरच्या भिंतीकडे बघत होती. चहा उतू गेला, मी गॅस बंद केला.

"आत्या," राजश्री म्हणाली, "हात दुखतोय."

"कुठला?"

"उजवा."

म्हातारीने डोकं उचललं नाही.