लोणी बोलायचं थांबतं तेव्हा

आमच्या मायचं तूप कधी बिघडलं नव्हतं. म्हणून यंदाच्या हिवाळ्यात डबा उघडल्यावर आंबूस वास आला, तेव्हा मी सरळ दूधवाल्याला धरलं. "काय मिसळतो बे दुधात?" म्हणून फाटकातच त्याला झापलं. बिचारा गुमान ऐकून गेला. मेहकरात उभी नोकरी मी शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली, पण आधी पुरावा आणि मग निष्कर्ष हे घरात मला कधी जमलं नाही.

लेक मलकापूरहून पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तिचे डिंकाचे लाडू आपल्याच तुपातले होतील, यावर माय अडून बसलेली. तूप पुन्हा असंच निघालं असतं तर लाडवांना आठ दिवसांत बुरशी आली असती. विकतचं आणतो म्हणालो, तर तिनं ऐकलंच नाही. मला वाटलं, मुद्दामच ऐकलं नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेला तिनं लोणी कढवायला ठेवलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलो. लोणी वितळलं, फेस आला, तडतड सुरू झाली. हे सगळं मी पोरांना फळ्यावर समजवायचो. लोण्यात पाणी असतं. ते वाफ होऊन जाईपर्यंत आच त्यातच खर्च होते, तापमान पुढं सरकत नाही. पाणी संपलं की तडतड थांबते. माय शाळेची पायरी चढली नाही, पण ती हेच सांगायची, "पाणी हाय तवरिक लोणी बोलते. गप झालं का उतरव." पातेल्याकडे ती बघायचीही नाही. पाठ करून भाकरी थापायची आणि नेमकी वेळेवर वळायची.

त्या दिवशीही तिची पाठच होती. दोन-चार मिनिटांत वळली, "झालं गप," म्हणाली आणि सांडशी घेऊन पातेलं उतरवायला लागली. पातेलं तर चांगलं तडतडत होतं.

मायला लोणी आता पहिल्यापासूनच गप वाटत होतं. आम्ही तिच्याशी मोठ्यानं बोलायचो, वय झालं म्हणायचो, आणि तिचं तूप कच्चं का राहतं हे घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. स्वतःचा असा राग आला की काय सांगू. (दूधवाल्याची माफी मी नंतर मागितली. त्यानं ती मान्य करून मला रोजचं अर्धा लिटर दूध वाढवायला लावलं.)

"थांब माय, बोलून राह्यलं अजून," मी तिच्या कानाशी ओरडलो.

तिनं पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग मले काऊन नाही येत ऐकू?"

 

मी देवापुढचं विड्याचं पान उचलून आणलं. पान ती नेहमीच टाकायची, पण तूप उतरवल्यावर, वासासाठी. मी म्हटलं, आता आधीच टाक. पान मऊ आहे तोवर पाणी आहे. कडक झालं की उतरव.

"आता तू मले तूप शिकवशील?" ती फणकारली. पण पान टाकलं. उलथण्यानं दाबून दाबून बघत बसली, आणि ते काळपट, कडक झालं तेव्हा पातेलं तिनंच खाली घेतलं.

सकाळी तूप छान रवाळ थिजलं होतं. लेकीनं लाडू शेवटपर्यंत खाल्ले, एकालाही वास आला नाही.

तुपातलं ते पान लहानपणी माझ्या वाट्याचं असायचं. त्या दिवशीही ते निवल्यावर मायनं माझ्या तोंडात घातलं, साठी उलटलेल्या माणसाच्या. मग तळहात माझ्या गालावर ठेवून म्हणाली, "चाव."

मी चावलं. कुरकुर तिच्या हाताला लागली.

"हाव," ती म्हणाली, "आलं ऐकू."