वखारीचा वास

दसऱ्याच्या आधी मी घरातला पंखा पुसायला स्टुलावर चढलो आणि पडलो. आयुधपूजेला बंगळूरमध्ये घरातलं जे काही यंत्र म्हणून असेल ते धुऊनपुसून त्याला हळदकुंकू लावतात, आणि आमच्या बनशंकरीच्या घरात पंख्यांचं काम दर वर्षी माझ्याकडे असतं. स्टूल कलंडलं, मी मागच्या मागे गेलो आणि डोक्याची मागची बाजू फरशीवर आपटली. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. ती सांगते की माझे डोळे उघडे होते, पण मी तिच्याकडे परक्या बाईकडे पाहावं तसं पाहत होतो.

दवाखान्यात स्कॅन काढला. डोक्याच्या आत, कपाळामागे थोडं रक्त साकळलं होतं. ते आपोआप विरेल, ऑपरेशन लागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मार मागे बसला आणि रक्त पुढे कसं, हे मला विचारायचं होतं, पण डोकं इतकं ठणकत होतं की ते राहून गेलं.

मी अगरबत्तीच्या कारखान्यात सुगंध जुळवायचं काम करत आलो आहे. कारखाना लहान आहे, म्हैसूर रोडच्या एका आडगल्लीत. कोऱ्या काड्या बाहेरून येतात, त्यांना द्यायचा वास आम्ही तयार करतो. चंदन, वाळा, नागरमोथा, हिना, राळ, शिवाय बाटल्यांतली तेलं. काय किती घालायचं आणि कशाच्या मागून काय यायला हवं, हे नाकाने ठरवायचं. मी निपाणीहून इथे आलो तेव्हा पॅकिंगला लागलो होतो. जुन्या मालकांनी एकदा सहज एक तेलात बुडवलेली कागदाची पट्टी माझ्या नाकाशी धरली आणि यात काय काय आहे असं विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मी मिश्रणाच्या खोलीत बसू लागलो. आता त्यांचा मुलगा मालक आहे, आणि त्या खोलीत माझ्या शेजारच्या टेबलावर अक्का बसतात. त्या माझ्याहून थोड्या मोठ्या, कनकपुऱ्याकडच्या. मी त्यांना अक्का म्हणतो, त्या मला अण्णा म्हणतात. आमचं बोलणं सगळं कानडीत.

मी दवाखान्यात असताना अक्का कामावरून थेट मला बघायला आल्या. त्यांनी पिशवीतून मोसंबी काढली, तेवढ्यात नर्स आत आली आणि दारातच थांबली.

"इथे अगरबत्ती कुणी लावली? वॉर्डात चालत नाही."

अक्का हसल्या. "लावली नाही सिस्टर. मीच अगरबत्ती आहे."

हे खरंच आहे. आमच्या खोलीत काम करणाऱ्या माणसाच्या अंगाला, केसांना, पर्सच्या अस्तरालासुद्धा वास असतो. बसमध्ये लोक मान वळवून बघतात. माझी बायको माझे कपडे वेगळे धुते, नाहीतर चादरी-टॉवेल सगळे हिन्याचे होतात. नर्स हसली, अक्काही हसत होत्या, आणि मी त्यांच्या साडीकडे बघत होतो. त्या माझ्या उशाशी बसल्या होत्या आणि मला कसलाही वास येत नव्हता. मी दीर्घ श्वास घेतला. हवा नाकातून आत गेली, थंड होती, आणि तिच्यात काही नव्हतं.

सर्दी असेल, औषधांचा परिणाम असेल, असं मी स्वतःला सांगितलं. घरी आल्यावर बायकोने कॉफी दिली. ती गरम होती, गोड होती, मागे कडवट होती, पण कॉफी नव्हती. मी डब्यातला हिंग उघडला. कपाटातल्या डांबरगोळ्या हातात घेतल्या. शेवटी देवघरातून आमच्याच कारखान्याचा, मीच जुळवलेला पुडा काढून तोंडाजवळ धरला. बायको दारात उभी राहून बघत होती.

"काय शोधताय?"

"वास येत नाही."

"कशाचा?"

"कशाचाच."

ती जवळ आली, माझ्या हातातला पुडा घेऊन तिने हुंगला आणि परत ठेवला. मग म्हणाली, "येईल हळूहळू. डोक्याला केवढं लागलंय."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मला डोळे मिटायला लावून नाकाखाली बाटल्या धरल्या. एकीने नाक झोंबलं आणि डोळ्यांत पाणी आलं, बाकीच्यांचं काही कळलं नाही. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नाकाच्या वरच्या टोकाला, डोळ्यांच्या मधोमध, चाळणीसारखं एक पातळ हाड असतं. वासाच्या नसांचे केसासारखे बारीक धागे त्या भोकांतून वर मेंदूत जातात. मागून जोराचा मार बसला की मेंदू कवटीच्या आत पुढे हिसकतो, मागे येतो, आणि ते धागे त्या हाडापाशी तुटतात. दवाखान्यात जे विचारायचं राहिलं होतं त्याचं उत्तर असं मिळालं.

"परत जुळतात का?"

"काहींचे थोडे जुळतात, काहींचे नाही. जे यायचं ते बहुतेक पहिल्या वर्ष-दीड वर्षात येतं. औषध असं खात्रीचं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ ठरावीक वास घ्यायचा सराव करा. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. घेताना तो वास आठवायचा प्रयत्न करायचा." मग त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

कामावर परतलो त्या पहिल्याच दिवशी मी मालकांना खरं काय ते सांगून टाकलं. त्यांना पटेना. त्यांनी ड्रॉवरमधून दोन पट्ट्या काढल्या आणि मला म्हणाले, "नीट घ्या, घाई नको." मी दोन्ही घेतल्या, परत दिल्या. त्यांनी पट्ट्या ड्रॉवरमध्ये परत टाकल्या. माणूस चांगला. त्यांनी मला काढलं नाही. कच्च्या मालाची आवक-जावक बघायची आणि वजनकाटा सांभाळायचा, असं ठरलं. मिश्रणाची मापं मला तोंडपाठ होती, त्यामुळे जुने वास बनवायला अडचण नव्हती. प्रश्न होता तो नव्याचा.

पडायच्या आधी कित्येक महिने मी एका नव्या वासावर काम करत होतो. माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल होते. शाळा सुटली की मी वखारीच्या दारात त्यांची वाट बघत बसायचो. आत वाळलेल्या तंबाखूच्या थप्प्या असायच्या आणि दारातून एक वास बाहेर यायचा. उन्हात तापलेल्या गवतासारखा, मधासारखा, थोडा मातकट, आणि खाली कुठेतरी उबदार. लोकांना तंबाखू म्हटलं की विडी आठवते. तो वास हा नव्हे. मला तो काडीवर आणायचा होता. मालक आधी हसले होते. "देवापुढे तंबाखू लावणार का कुणी?" मग म्हणाले, सरी, ठीक आहे, करून बघा, बाहेरच्या देशातले लोक असलं काहीतरी मागतात. मी बराच जवळ पोचलो होतो. गवत आलं होतं, मध आला होता. ती खालची ऊब तेवढी सापडत नव्हती. ती सापडायच्या आधीच मी स्टुलावर चढलो.

अक्काच एके दिवशी म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही सांगा, मी वास घेते. तुमचं डोकं, माझं नाक."

आम्ही तसं सुरू केलं. मी मापं सांगायचो, त्या मिसळायच्या, पट्टी नाकाशी धरून डोळे मिटायच्या आणि बोलायच्या. "वर गवत आहे. ओलं नाही, वाळलेलं. मागे मध, पण स्वल्प जास्त झाला, चिकट लागतो. खाली लाकूड." मी म्हणायचो, लाकूड नको, ऊब हवी. त्या विचारायच्या, ऊब म्हणजे कशी? चुलीची? गोधडीची? गुरांच्या गोठ्याची? मला सांगता यायचं नाही. इतकी वर्षं मी वासांशी बोललो होतो. वासांविषयी कुणाशी बोलायची वेळ आली नव्हती.

शेवटी मी निपाणीला गेलो. म्हटलं, खरं पान आणून अक्कांच्या हातात द्यावं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली आहेत आणि त्यांची ती वखार आता नाही. पण दुसऱ्या एका वखारीत ओळख निघाली. मी आत जाऊन थप्प्यांच्या मधे उभा राहिलो. बारीक धूळ उडत होती. नाक चुरचुरलं, एकामागून एक शिंका आल्या, डोळे वाहायला लागले. वखारीतला दिवाणजी म्हणाला, "सवय नाही वाटतं तुम्हाला." मी म्हटलं, नाही. हमालाचा पोर तिथे उभा होता आणि त्याला तंबाखूची सवय नव्हती. मी थोडी पानं कागदात गुंडाळून घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने निघालो.

अक्कांनी पान चुरलं, ओंजळीत धरलं आणि सावकाश वास घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "गवत आहे, मध आहे. तुम्ही सांगता तेच आहे हे."

"आणि खाली?"

"खाली कडवट आहे. तिखट. ऊब नाही, अण्णा."

त्यांनी परत घेतला. नाहीच म्हणाल्या. मी नकळत वाद घालायला लागलो, की असणारच, मी लहानपणी रोज घेतलाय. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही तिथे एकटे बसायचात का?"

"एकटाच. वडील बाहेर येईपर्यंत."

"आणि आल्यावर?"

आल्यावर ते मला उचलून खांद्यावर घ्यायचे. दिवसभर पोती वाहून त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा. माझं तोंड त्यांच्या मानेपाशी यायचं. हे मी अक्कांना सांगत होतो आणि सांगता सांगताच थांबलो. त्यांनी पानाचा चुरा कागदात परत बांधला.

एवढे महिने मी तंबाखू म्हणून ज्याच्या मागे होतो त्यात तंबाखू होता, आणि वडिलांचा घाम होता, त्यांचा साबण होता, गोणपाट होतं, आणखी काय काय असेल. ते कशाने जुळवायचं हे अक्कांना सांगणं शक्य नव्हतं. ते ओळखणारं नाक जगात एकच होतं. ते शाबूत असतं तर मला ती ऊब सापडलीच असती, असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण सापडल्यावर मला कळलं असतं. आता उद्या कुणी ती माझ्यासमोर आणून ठेवली, तरी मी ती न ओळखता पुढे जाईन.

तो वास अक्कांनी पुरा केला. खाली त्यांनी थोडा जटामांसीचा अंश घातला. मालकांना आवडला. काडी बाजारात गेली, चांगली चालली. पुड्यावर वाळलेल्या गवताचं चित्र आहे. अक्का म्हणाल्या, "हा तुमचाच आहे." मी म्हटलं, तुमचा आहे. हे मी मन मोठं करून म्हणत नव्हतो. तो कसा येतो हे मला खरंच माहीत नाही.

मधे एकदा आशा वाटली होती. पडून वर्ष होत आलं असेल, कारखान्यात शिरताना मला जळका वास आला, टायर जळावं तसा. मी ओरडलो, कुठे आग लागली आहे बघा. लोक इकडेतिकडे धावले. काही नव्हतं, कोपऱ्यात कुणीतरी कॉफी ओतत होतं. त्या दिवसापासून कॉफी, कांदा, चंदन, बायकोच्या डोक्याचं तेल, सगळ्यांतून तोच जळका रबर यायला लागला. डॉक्टरीणबाईंना बरं वाटलं. "धागे जुळू बघताहेत," त्या म्हणाल्या, "पण चुकीच्या जागी. होतं असं कधी कधी. पुढे सुधारू शकतं." ते दिवस फार वाईट गेले. मला मिश्रणाच्या खोलीत बसवेना. बायकोने डोक्याला तेल लावणं सोडलं. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. ती जवळ आली की मी श्वास धरतो, हे तिनेच ओळखलं. तरीही मी त्या रबराला चिकटून होतो. काहीतरी येत होतं ना. मग ते विरळ होत गेलं आणि एके दिवशी पुरतं गेलं. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. बायकोने परत तेल लावायला सुरुवात केली.

आता दीड वर्ष उलटून गेलंय. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, बाकी तब्येत उत्तम आहे. ते म्हणतात, नशीब समजा, डोक्याला लागून माणसं काय काय होतात, तुमचा नुसता वासच गेला. ते खरं बोलतात. मी मान हलवतो. घरात गॅसची गळती कळावी म्हणून भिंतीवर एक यंत्र बसवलंय. दूध नासलंय का हे बायकोला विचारतो. कपडे रोज बदलतो, कारण माझ्या अंगाला आता कसला वास येतो ते मला कळत नाही.

सकाळी पूजेच्या वेळी बायको कापराची एक वडी माझ्या तळहातावर ठेवते. मी ती नाकाशी धरतो. आत, वरपर्यंत, काहीतरी जातं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की कापराचा गारवा वेगळ्या नसेने कळतो, त्याला वास समजू नका. मला ते माहीत आहे.

"आला?" बायको विचारते.

"गार लागतं."

"वास?"

"गार लागतं," मी म्हणतो, आणि वडी तिच्या हातात परत देतो. ती आरती पेटवते.