दिगंबर तांबटांचा राउटर

कसबा पेठेत दिगंबर तांबटांनी आजवर कोणाकोणाला मारलं हे सांगायला बसलं, तर मध्ये एकदा चहा टाकावा लागतो. "मशीनचा बंब यापेक्षा गुळगुळीत असतो," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी त्याच्याच बंबाच्या झाकणाने बडवलं होतं. मांडवातल्या लाउडस्पीकरवाल्याच्या आधी दोन थोबाडीत दिल्या आणि मग "आवाज जरा कमी करता का?" अशी विनंती केली. त्यांचा क्रम नेहमी असाच. सख्खा धाकटा भाऊ इंद्रजीत, त्याचा पुढचा दात त्यांनी अकरा वर्षांपूर्वी वाटणीच्या दिवशी पाडला. वडिलांची ऐरण कोणाकडे जायची, एवढाच प्रश्न होता. ऐरण, खालचा कारखाना आणि वरचा मजला दिगंबरांना मिळाला, मधला मजला इंद्रजीतला मिळाला, आणि दात कोणालाच मिळाला नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

आता खरं सांगायचं तर मारणं हा या गृहस्थांचा धंदाच. तांब्याचं भांडं घडलं की त्यावर चहूबाजूंनी हातोडीचे सारखे ठोके घालायचे. त्याला मठारणं म्हणतात. एक ठोका वाकडा पडला तर भांडं जन्मभर त्याचा डाग मिरवतं. चाळीस वर्षं हे केल्यावर माणसाचा हात रिकामा राहत नाही, आणि समोर नेहमी भांडंच असेल असंही नाही.

एकाच माणसावर हा हात कधी उठला नाही. ती त्यांची मुलगी सलोनी, वय वर्षं वीस. उठायला आला होता एकदा. वरच्या मजल्यावर ती दिवसभर टीव्हीसमोर बसून कन्सोलवर मारामारीचा खेळ खेळायची आणि त्या कंट्रोलरचं टकटकटक जेवतानाही थांबेना. एका दुपारी दिगंबर भरल्या ताटावरून उठले, हातोडा घेतला आणि तो डबा फोडायलाच तिच्या खोलीकडे गेले. पण दारात थबकले. आत बोटं चालली होती. तीन हलके, एक भारी, तीन हलके, एक भारी, आणि एकही ठोका वाकडा नाही. दिगंबरांनी पाच मिनिटं ऐकलं आणि हातोडा हळूच खाली ठेवला.

"हात चांगला आहे पोरीचा," ते बायकोला, द्वारकाबाईंना म्हणाले.

"तुमच्यावर गेलाय," द्वारकाबाई म्हणाल्या. हे कौतुक नव्हतं, पण दिगंबरांनी ते तसंच घेतलं.

तर अशी ही सलोनी शहराच्या स्पर्धेत शेवटच्या आठांत पोचली. रविवारी चार वाजता पुढची लढत, आपापल्या घरून, इंटरनेटवर. नियम एकच कडक: लाइन दोनदा तुटली की खेळाडू बाद. तिची गुरुवारी एकदा तुटली होती.

"बाबा, आता एकदा जरी गेली ना, तर मी आउट. हरून नाही, नुसतीच आउट."

हे दिगंबरांना कळलं. मार खाऊन पडणं वेगळं आणि न लढताच बाहेर काढलं जाणं वेगळं.

राउटर खाली कारखान्यात होता. दिगंबरांनी विचार केला, की विजेच्या वायरीत तांबं, मोटारीत तांबं, वाहून नेण्यात तांब्याचा हात कोण धरणार? मग या बिचाऱ्याला प्लॅस्टिकच्या खोक्यात का बसवायचं? शनिवारभर खपून त्यांनी एक खोलगट घंगाळ मठारलं, असं की त्यात तोंड बघावं. राउटर त्यात बसवला आणि घंगाळ साखळ्यांनी आढ्याला टांगलं. वर सलोनीचा उरलासुरला सिग्नलही गेला. द्वारकाबाईंचं मोबाइलवरचं कीर्तन ऐन रंगात थांबलं.

रविवारी बारा वाजता इंटरनेट कंपनीचा तेजस आला. त्याने मान वर करून घंगाळाकडे पाहिलं.

"काका, याला आंघोळ घालायची आहे का?"

पुढच्या क्षणी तेजसची कॉलर दिगंबरांच्या मुठीत होती आणि तेजसच्या टाचा जमिनीवर नव्हत्या. पण पोरगा अनुभवी होता. तशाच अवस्थेत त्याने तांत्रिक माहिती दिली.

"तांबं सिग्नल अडवतं, काका. आरपार जाऊच देत नाही."

"तांबं?"

"देवाशपथ. मधल्या मजल्यावर काय आहे?"

"भाऊ."

"भावाशिवाय?"

"तांब्याचे पत्रे. दुकानासाठी रचून ठेवतो तो."

"मग दोन्ही अडवणारच की."

दिगंबरांनी त्याला खाली ठेवलं. चाळीस वर्षं ज्याची चाकरी केली त्या धातूने असा दगा द्यावा! तेजसने कॉलर नीट करत उपाय सांगितला. राउटर वर न्यायचा तर बाहेरची लाइन नव्याने ओढायला हवी, त्याला मंगळवार उजाडेल. आजच्यापुरता वायफायचा नाद सोडा. राउटरमधून एक लांब वायर जिन्याने वर न्या आणि थेट कन्सोलमध्ये खोचा.

"फक्त जिना त्या काकांच्या दारावरून जातो. त्यांना विचारून घ्या."

"विचारायची सवय असती तर दात कशाला पाडला असता?"

इंद्रजीत दुपारचा झोपला असताना वायर टाकली गेली. पायऱ्यापायऱ्यांवरून, भिंतीला न ठोकता. ठोकलं असतं तर तो जागा झाला असता. तेजसने तीन वेळा तपासलं आणि तो वेळेवारी निघून गेला, हे त्याचं शहाणपण.

चारला लढत सुरू झाली. चार वाजून सहा मिनिटांनी मधलं दार उघडलं. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, उघडं अंग आणि हातात पक्कड अशा थाटात इंद्रजीत बाहेर आला. पहाऱ्यावर बसलेले दिगंबर दोन पायऱ्या खाली उभे राहिले. अकरा वर्षांनी संभाषण सुरू झालं.

"हे काय आहे?"

"सलोनीची मॅच आहे."

"मॅच तिची. जिना माझ्या दारातला."

इंद्रजीत वाकला आणि दिगंबरांचा गुडघा त्याच्या बरगडीत बसला. इंद्रजीतने पक्कड फिरवली, ती दिगंबरांच्या भुवईवर लागली आणि डोळ्यात रक्त उतरलं. मग अकरा वर्षांची थकबाकी निघाली. दिगंबरांनी भावाचं डोकं भिंतीवर आपटलं, तशी पक्कड गडगडत खाली गेली. इंद्रजीतने त्यांच्या मनगटाचा चावा घेतला. एक दात कमी असूनही चावा पूर्ण बसला. वरून खेळातल्या बुक्क्यांचे आवाज येत होते, खाली खरे चालले होते, आणि कुठला दणका कुठला ते कळेना.

"अहो, जरा हळू मारा!" वरून द्वारकाबाईंचा आवाज आला. "तिचं लक्ष जातंय!"

दिगंबरांनी गळा धरला, इंद्रजीत एक पायरी मागे सरकला, त्याची टाच खाली यायला लागली आणि हवेतच थांबली. टाचेखाली वायर होती.

"चालू आहे का ही?" त्याने गळा तसाच दिलेला ठेवून घोगऱ्या आवाजात विचारलं.

"चालू आहे."

"मग मागे हो जरा. पाय कुठे ठेवू?"

त्यांच्या वडिलांचा एकच नियम होता: भांडा, मरा, पण चालू कामावर पाय पडता कामा नये. ऐरणीवर चढलेला पत्रा ओलांडायचासुद्धा नाही. कापायला आलेल्या इंद्रजीतने बंद वायर डोळे मिटून कापली असती. चालू वायर त्याच्याच्याने तुडववेना. दिगंबर मागे झाले. इंद्रजीतने पाय भिंतीलगत ठेवला, तोल सावरला आणि मग मोकळ्या हाताने दिगंबरांच्या नाकावर ठोसा लगावला. पुढची दहा मिनिटं मारामारी अशीच चालली. कडाकडा मारायचं, थांबायचं, वायर बघायची, पाऊल टाकायचं, पुन्हा मारायचं. इंद्रजीतचा ओठ फाटला, दिगंबरांच्या बनियनचा पुढचा भाग लाल झाला, आणि वायर जिथे होती तिथून बोटभर हलली नाही.

वरचे आवाज थांबले. जिन्यात सलोनी आली. खालचं दृश्य पाहून ती दचकली नाही. याच घरात वाढलेली मुलगी.

"तुटली?" दिगंबरांनी विचारलं. मुठीत इंद्रजीतचे केस होते.

"नाही. एकदाही नाही." ती वरच्याच पायरीवर बसली. डोळे भरले होते. "हरले मी. तीन-दोन. नीट खेळून हरले."

दिगंबरांनी केस सोडले. आता कोणाला मारायचं हे त्यांना सुचेना.

"कोण होता समोर?" इंद्रजीतने फाटक्या ओठाने विचारलं. "राहतो कुठे?"

"खडकीत. होता नाही काका, होती. नववीत आहे."

दोन्ही भावांनी आपापल्या अवताराकडे पाहिलं. नववीतल्या पोरीच्या घरी रक्ताळलेल्या बनियनमध्ये कसं जायचं?

"नववीतली!" इंद्रजीत हळूहळू खाली बसला, वायर सोडून, बाजूला. "आणि तुला मारलं? कसं?"

"खाली वाकायचं दाखवलं आणि वरून कोपर. मी तीनदा फसले."

"वाकून वरून?" दिगंबरांनी नाकातलं रक्त बनियनला पुसलं. "कसं बसेल ते? दाखव."

सलोनीने डोळे पुसले, दोन पायऱ्या उतरली आणि बाह्या वर केल्या.

"काका, उठा. तुम्ही मी व्हा."

इंद्रजीत उठला, पाय वायरच्या दोन बाजूंना नीट रोवले आणि हनुवटी पुढे केली.