“स्वतः घेतलंस?”

आता माझ्या हॉस्पिटलात बीपीचा पट्टा आपोआप फुगतो, आकडा आपोआप कॉम्प्युटरवर चढतो. मला कोणी काही विचारत नाही. आणि खरं सांगते, त्या विचारण्याची इतकी आठवण येते की राउंड संपला तरी मी कधीकधी पेशंटच्या पलंगाशी उगाच उभी राहते.

माझी इंटर्नशिप नवी मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलात झाली. नुकतीच एमबीबीएस पास झालेले, त्यामुळे डोक्यात हवा. सकाळी नऊच्या राउंडआधी वॉर्डातल्या तीस पेशंटचं बीपी घेऊन चार्ट भरायचं काम आम्हा इंटर्नचं. तीस! कोण घेतंय? आदल्या दिवशीचा आकडा बघायचा, थोडा इकडेतिकडे करायचा, झालं. त्याला आम्ही ‘डोळ्यांनी बीपी घेणं’ म्हणायचो आणि वर खिदळायचो.

खिडकीजवळच्या पलंगावर करावे गावची एक कोळीण होती. साठीची, डेंग्यूने पार मलूल झालेली. त्या सकाळी तिच्या चार्टवर मी ११०/७० ठोकून दिलं. तिला हातसुद्धा लावला नाही. ती टक लावून माझ्याकडे बघत होती.

राउंडला आमच्या मॅडम आल्या. मोजकंच बोलणाऱ्या. त्यांनी चार्ट बघितला, म्हातारीचा चेहरा बघितला, मग माझ्याकडे वळल्या.

“स्वतः घेतलंस?”

“हो, मॅडम.”

मेले! आता ही म्हातारी सगळ्यांसमोर माझी अब्रू काढणार. तिने चादरीतून हात बाहेर काढून माझ्यापुढे धरला.

“पुन्ना घे गो बाय. मंगाशी माजा हात हालला.”

घेतलं. ८०/५०.

मॅडमनी लगेच सलाईन सुरू केलं, धावपळ झाली, संध्याकाळपर्यंत म्हातारी सावरली. आठवड्याने चालत घरी गेली. जाताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. लाज वाटली, नाही उघडलं.

त्यानंतर मी एकही बीपी डोळ्यांनी घेतलं नाही. तरी मॅडम रोज राउंडला विचारायच्या, “स्वतः घेतलंस?” फक्त मला. बाकीच्या इंटर्नना नाही. मी ताठ मानेने ‘हो’ म्हणायचे आणि आतून चिडायचे, की बाई गं, एवढा काय माझ्यावर राग!

मॅडम आता निवृत्त होऊन खांदेश्वरला राहतात. गेल्या रविवारी, इतक्या वर्षांनी, धीर करून त्यांच्याकडे गेले. त्याआधी करावेला जाऊन आले होते. म्हातारी दोन वर्षांपूर्वीच वारली, असं सुनेने सांगितलं. तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच, निदान मॅडमना तरी सांगू, असं वाटलं. चहाचा कप हातात धरून एका दमात सगळं बोलून टाकलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “मला माहीत होतं. म्हातारीनेच सांगितलं, घरी जायच्या दिवशी. वर म्हणाली, पोरीला बोलू नको, ती आपनच सांगल.”

“मग तुम्ही मला कधी…”

“अगं, म्हणून तर रोज तुलाच विचारायचे.”