धूर दिसला तर घर

आमच्या गावाची लोकसंख्या रस्त्यावरच्या स्वागत कमानीवर लिहिलेली आहे. कमान देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत, गावाचं मध्यम अक्षरांत, आणि माणसांचा आकडा सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत. तो कुणी मोजला हे मला अजून कळलेलं नाही. कमान उभी राहिल्यापासून गावात बरेच जन्मले, बरेच गेले. आकड्याला त्याचं काही वाटलेलं नाही.

गाव मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही अंगांनी चिकटलेलं आहे. नदीकडे भाताची खाचरं, डोंगराकडे नाचणी-वरईची वरकस जमीन, मधल्या माळावर मुंबईकरांचे बंगले. पूर्वेला सह्याद्री आहे आणि तो अजून कुणी विकत घेतलेला नाही. बाकी दिशांना प्लॉट पडले आहेत. तरणी माणसं मुरबाडच्या कारखान्यांत जातात, नाहीतर कल्याण किंवा वाशिंद गाठतात, आणि हळूहळू तिकडचीच होतात. म्हणजे गाव वाढतंय आणि रिकामंही होतंय. ही दोन्ही कामं एकाच वेळी करणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

कमानीपेक्षा माझा विश्वास वाघोबावर जास्त आहे. शिवेवर त्याचा शेंदूर लावलेला दगड आहे. वाघबारशीला, म्हणजे वसुबारसेच्या दिवशी, दोन माणसं टोपली घेऊन घरोघर फिरतात. ज्या घरात चूल पेटलेली दिसेल त्या घराचा मूठभर तांदूळ घ्यायचा, तो दगडापाशी एका भांड्यात शिजवायचा, आणि सूर्य मावळला की गावच्या कारभाऱ्यानं एकेक घर पुकारून सागाच्या पानावर वाटा द्यायचा. पुकारा नदीकडून डोंगराकडे जातो. घरं जागेवरून ओळखायची: विहिरीवरचं, उताराचं, चिंचेजवळचं. चिंच कधीच तुटली, पण घर चिंचेजवळचंच राहिलं. ज्याचं घर पुकारलं तो गावात. बाकी सगळे पाहुणे.

गॅस आल्यावर वाद झाला होता. शेवटी ठरलं की वाघाला गॅसचं वावडं नाही, पण पेटवायला घरचंच माणूस हवं. त्यामुळे बंगल्यांचा वाटा वॉचमनला मिळतो, मालकाला नाही. एका मालकाला हे फार लागलं होतं. त्यानं वाघोबाला संगमरवरी कट्टा बांधून देऊ केला. कारभारी म्हणाले, "वाघ घसरंल."

चिंचेजवळचं घर माझ्या काकांचं. वडिलांचे चुलत भाऊ, आमचे शेजारी. काकू गेल्यावर ते मुलाकडे वाशिंदला गेले, स्टेशनजवळच्या इमारतीत. इथलं घर आधी कललं, मग बसलं, मग नुसतं जोतं उरलं. तरी दर वाघबारशीला काका शहापूरवरून गाड्या बदलत येत, जोत्यावर जिथं काकूची चूल होती तिथं तीन दगड मांडत, काटक्या पेटवून कोरा चहा करत. भिंती नव्हत्या, पण धूर वर जायचा. टोपलीवाले थांबायचे. संध्याकाळी कारभारी पुकारायचे, "चिंचेजवळचं घर", आणि काका दोन्ही हातांनी पान घ्यायचे. त्या एका हाकेवर ते वर्षभर वाशिंदला राहू शकत होते, असं आई म्हणे.

गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि जोतं त्याच्या खाली गेलं.

वाघबारशीला काका आले ते सकाळीच. रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभे राहिले, आमच्या भिंतीपासून पावलं टाकून पाहिली, आणि डांबर संपतं तिथं मुरमावर दगड मांडले. गाड्यांच्या वाऱ्यानं जाळ आडवा होत होता. टोपलीबरोबर त्या दिवशी कारभारी स्वतः आले.

"इथं कुठं रे पेटवलीस?"

"घरात."

"घराला जोतं पायजे. छपराची पाखं नव्हती, भिंती नव्हत्या, आमी चालवलं. आता खाली काय हाय?"

"डांबराखाली माझीच चूल हाय. खणून बघा तुमी."

"खणायला लागलो तर ठेकेदार मलाच खाली घालंल," टोपलीवाला म्हणाला. कुणी हसलं नाही.

आई कुंपणाशी आली. "भावजी, घरात या. आमच्याच चुलीला दोन लाकडं लावा. मूठ तुमची घालू."

"मग तुमचं घर मोजलं, वहिनी. माझं कुठं मोजलं?"

कारभारी वाईट माणूस नाहीत. पण नियम मोडला की त्याला तडे कुठवर जातात हे त्यांना दिसत होतं. "तुला घेतला तर उद्या कल्याणवाले गाडीत शेगडी घालून येतील," ते म्हणाले. "रस्त्याला लावली शेगडी की झालं घर."

काकांनी पुढे केलेली तांदळाची मूठ तशीच होती. कारभाऱ्यांनी टोपली तिच्याखाली धरली. "तांदूळ टाक. तांदळाला नाय कोण म्हणतो? घराचं बघू."

संध्याकाळी आम्ही दगडापाशी बसलो. काका आमच्यात बसले नाहीत, नेहमीच्या आपल्या जागी बसले. विहिरीवरचं घर झालं. उताराचं झालं. आमचं झालं. कारभारी थांबले. त्यांनी पळी भांड्याच्या काठावर पुसली, आणि चिंचेजवळचं सोडून त्यापलीकडचं घर पुकारलं. काका अर्धवट उठले होते, ते खाली बसले. आई पानाकडे बघत राहिली.

शेवटचं पान नेहमी वाटसरूचं असतं. घाटातून बैल जायचे तेव्हापासूनची रीत. हल्ली एखादा टेम्पोवाला थांबवून त्याला ते देतात. तो गोंधळून घेतो, पैसे द्यायचे नाहीत ना, असं विचारतो, आणि जातो. पण नव्या रस्त्यावर कुणी थांबत नाही. हात केलेल्या दोन गाड्या वेग वाढवूनच गेल्या.

"वाटसरू," कारभाऱ्यांनी पुकारलं, काकांकडे न बघता.

काकांनी रस्त्याकडे पाहिलं. खरंच कुणी आलंय का, असं. मग ते उठले, पायातल्या चपला काढल्या आणि दोन्ही हातांनी पान घेतलं.

"पुढल्या साली पण हेच का?"

"रस्ता हाय तोवर हे पान हाय."

"आणि घर?"

कारभाऱ्यांनी भांड्याखालच्या निखाऱ्यांवर पाणी ओतलं. ते चांगलंच वाजलं.

दुसऱ्या दिवशी निघताना काका ते तीन दगड एकेक करून आमच्या अंगणात घेऊन आले. काळे, एका बाजूनं भाजलेले. "ठेवू का इथं? लागतील."

आईनं दाखवलेल्या कोपऱ्यात ठेवून ते गाडीला गेले. ते दिसेनासे झाल्यावर तिनं दगड उचलून पाख्याखाली नेले, पावसात भिजू नयेत म्हणून. दगड भिजल्यानं काही बिघडत नाही, हे तिला माहीत आहे.