को अंकलच्या वॅगनचा दसरा

निशिकांत बारटक्केकडे स्वतःची गाडी नव्हती. सिंगापूरमध्ये त्याच्यासारख्या पगारदाराला ती परवडतही नाही. आंग मो किओच्या कारखान्यात तो यंत्रांच्या देखभालीवर होता. आठवडाभर यंत्रांच्या कुरबुरी ऐकायच्या, वर साहेबांच्याही. शनिवार मात्र त्याचा स्वतःचा.

"निघालात सवतीकडे?" सुनेत्रा विचारायची.

"बाबा, दॅट कार इज ओल्डर दॅन यू, लाह," गार्गी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायची.

सवत म्हणजे को अंकलची एकोणीसशे चौसष्ट सालची अमेरिकन स्टेशन वॅगन. सायीच्या रंगाची, बाजूंना लाकडी पट्ट्या, आणि सगळ्यात मागे उलट्या तोंडाची एक सीट. अंकलची चार मुलं त्या सीटवर बसून मागच्या गाड्यांना वेडावत मोठी झाली आणि पांगली. अंकल आता एक्क्याऐंशीचे होते. चार वर्षांपूर्वी एका सिग्नलवर निशिकांतनं काचेशी वाकून सांगितलं होतं, "तुमच्या इंजिनाचा एक ठोका चुकतोय." अंकल खेकसले, "तुझं काय जातं?" आणि मग त्यांनी पत्ता दिला. तेव्हापासून दर शनिवारी निशिकांत बिनपगारी तिथे जात असे.

दोन हजार सतरामध्ये अंकलचे गुडघे गेले. ऑक्टोबरअखेरीला ते बंगला सोडून मुलीच्या कॉन्डोत जाणार होते. तिथे वॅगनला जागा नव्हती. पेनांगच्या संग्राहक तिओ बाई तिला घ्यायला तयार होत्या, एका अटीवर: अंगावरचा रंग कारखान्यातून आलेला तोच हवा. त्यांनी नाही म्हटलं तर गाडी भंगारात जाणार होती.

दसरा त्या वर्षी शनिवारीच आला. अंकल नोव्हेनाला डॉक्टरांकडे गेले होते. निशिकांतच्या वडिलांचा चिपळूणला टेम्पो होता. दसऱ्याला तो धुऊन, हार घालून, हळदकुंकू वाहिल्याशिवाय घरात कुणी जेवत नसे. निशिकांतनं लिटिल इंडियातून झेंडूचा हार आणला होता. त्यानं बॉनेटवर हळद वाहिली आणि ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढली. चाकापुढे नारळ फोडला. यात काही चूक आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. आपल्याकडे ते पुसायची घाई करत नाहीत, म्हणून त्यानंही केली नाही. हार काढून त्यानं वरून आच्छादन घातलं.

आठ दिवसांनी आच्छादन काढलं तर हळद साबणानं गेली, कुंकू गेलं नाही. त्रेपन्न वर्षांच्या वाळक्या रंगानं दमट हवेत ते पिऊन टाकलं होतं. सायीवर पाच गुलाबी ओघळ उमटले होते. तिओ बाई दुसऱ्या दिवशी येणार होत्या.

पॉलिशची बाटली कपाटात होती. हलक्या हातानं घासलं तर रंगाचा केसाएवढाही नाही असा पापुद्रा जाईल आणि डागही जातील, हे त्याला ठाऊक होतं. कोणाला कळणार होतं? त्यानं फडक्यावर पॉलिश घेतलं आणि तो बॉनेटवर वाकला. मग फडकं घडी करून खाली ठेवलं आणि तो व्हरांड्यात गेला.

"अंकल, मी गाडी खराब केली."

अंकल काठी टेकत आले, वाकले. "हे काय?"

"पूजा. वर्षातून एकदा आम्ही गाडीला हात जोडतो."

"हात जोडायचे ना. लावायचे कशाला?" अंकल म्हणाले. "माझ्या बायकोनं मुलांना कधी बॉनेटला टेकू दिलं नाही. घरी जा, निशी."

रात्री तो नीट जेवला नाही. "एवढं काय, गुपचूप घासून टाकायचं होतंत," सुनेत्रा म्हणाली.

तरीही रविवारी तो गेला. तिओ बाईंनी रंगाची जाडी मोजायचं यंत्र बॉनेटवर जागोजागी टेकवलं, मग त्या पाच ओघळांवर. दोन्हीकडचे आकडे त्यांनी ताडून पाहिले.

"डाग कोणी पाडले?"

"मी," निशिकांत म्हणाला.

"घासलं का नाहीस?"

"तुमच्या यंत्रालाही ते कळलं नसतं, मला माहीत होतं," तो म्हणाला. "पण रंग गेला असता."

बाईंनी चष्मा काढला. "डाग मी चालवून घेईन. पॉलिश मारून चकचकीत केलेल्या गाड्या मी तीन परत पाठवल्यात." आणि त्यांनी फाइल उघडली. "काय लिहू? डागाचं कारण?"

"दसरा," अंकलनी मध्येच सांगितलं. "काल रात्री मुलीकडून हे नाव शोधून घेतलं. बाहेर लॉरी थांबलीय, निशी. गाडी वर तू चढव. माझा गुडघा क्लच दाबत नाही."

चार वर्षांत निशिकांतनं ती एक फूटही चालवली नव्हती. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर त्याला सापडेना. दोनदा इंजिन बंद पडलं.

"अंगाकडे ओढ, मग खाली! इंजिनिअर ना तू?" अंकल खिडकीशी वाकून ओरडत होते, आणि गाडी हळूहळू फाटकाकडे सरकू लागली तशी काठी टेकत तिच्याबरोबर चालू लागले.